ठिगळ लावण्याआधी कापड पाहा

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक ३९ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी बॅडमिंटन खेळताना उडी मारून खाली येताना त्यांचा उजवा गुडघा पिरगळला. त्या वेळची सूज ओसरली, पण जिना उतरताना आतल्या बाजूने कळ येणे, खेळल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघा भरून येणे आणि मधूनच आत काहीतरी अडकल्यासारखे वाटणे थांबले नाही. अलीकडच्या एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या आतल्या टोकावरची कूर्चा (हाडाच्या टोकावरचे गुळगुळीत आवरण) सुमारे तीन चौरस सेंटिमीटर जागेत पार हाडापर्यंत गेलेली दिसली. पायांना ‘किंचित बाक’ असल्याचेही एका डॉक्टरांनी सांगितले आहे. एका शल्यचिकित्सकांनी प्रयोगशाळेत वाढवलेली कूर्चा कंप्युटरच्या साहाय्याने बसवण्याचा सल्ला दिला. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की आधी साधे मायक्रोफ्रॅक्चर (तळाच्या हाडाला बारीक भोके पाडण्याचा उपचार) करून पाहावे, नाही जमले तर दुसरी वाट मोकळीच आहे. पत्रलेखकांचा कल पहिल्या सल्ल्याकडे आहे, कारण ‘गादी नवी कोरी मिळेल आणि कंप्युटर असल्यामुळे चुकीला जागा राहणार नाही’. चार महिन्यांत पुन्हा कोर्टवर उतरता येईल, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांच्या ६८ वर्षांच्या आईचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. हाच उपचार आईलाही करून तिचे सांधेरोपण टाळता येईल का, आणि दोघांपैकी आधी कोणाचे करावे, असे त्यांनी विचारले आहे.

नमस्कार.

‘नवी कोरी गादी’ आणि ‘चुकीला जागा नाही’ हे तुमच्या पत्रातले दोन शब्दप्रयोग मी खुणेने अधोरेखित करून ठेवले आहेत. तुमचा कल चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. कदाचित शेवटी तुम्ही तीच शस्त्रक्रिया कराल आणि ती योग्यही ठरेल. पण ज्या दोन कारणांसाठी तुम्ही तिच्याकडे ओढले गेला आहात, ती दोन्ही कारणे तपासून घेण्याजोगी आहेत, आणि ज्या गोष्टीचा पत्रात जाता जाता उल्लेख झाला आहे, म्हणजे तो पायांचा ‘किंचित बाक’, ती माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

आधी ‘गादी’विषयी. शस्त्रक्रिया करणे मी थांबवले त्याला काही वर्षे झाली, पण तपासणीच्या खोलीत हा शब्द मी इतक्या वेळा आणि इतक्या अर्थांनी ऐकला आहे, की तो ऐकला की मी अजूनही सावध होतो. मणक्यातली चकती ही गादी, गुडघ्यातली चंद्रकोरीसारखी मेनिस्कस ही गादी आणि हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, हीसुद्धा गादीच. तुमच्या गुडघ्यात बिघडली आहे ती यांतली शेवटची. पण एमआरआयचा अहवाल पुन्हा उघडा आणि त्यात मेनिस्कसविषयी काय लिहिले आहे ते पाहा, कारण आतली मेनिस्कस फाटलेली असेल किंवा पूर्वी काढून टाकलेली असेल, तर नव्या कूर्चेवर पडणारा भार इतका वाढतो की बाकी सगळे नीट करूनही ती टिकत नाही.

ही कूर्चा गुडघ्यात साधारण दोन ते चार मिलिमीटर जाडीची असते. वजनाने पाहिले तर तिच्यात बहुतांश पाणीच असते. ते पाणी धरून ठेवणारे जाळे कोलॅजेन आणि प्रोटिओग्लायकॅन यांचे असते आणि त्या जाळ्यात, ते विणणाऱ्या पेशी अगदी विरळ, एकमेकींपासून दूर बसलेल्या असतात. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि वेदना पोचवणाऱ्या नसाही नाहीत. त्वचा कापली की रक्त येते, गुठळी होते आणि त्या गुठळीतून दुरुस्तीला सुरुवात होते. कूर्चेत ही पहिली पायरीच नाही. म्हणून विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ सालीच नोंदवून ठेवले होते, की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती भरून येत नाही. पुढच्या अडीचशे वर्षांत या विषयात जे काही घडले, ते हंटरचे हे विधान थोडेफार खोटे पाडण्याचे प्रयत्न आहेत.

कूर्चेत नसा नाहीत ही गोष्ट तुमच्यासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. ज्या जागी नसच नाही ती जागा दुखत नाही. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे अस्तर, फाटलेली मेनिस्कस किंवा मांडीचे स्नायू कमजोर झाल्यामुळे ताण पडणारी वाटीभोवतीची जागा. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत गुडघ्याच्या ३१,५१६ दुर्बीण तपासण्यांपैकी ६३ टक्क्यांत कूर्चेला कुठे ना कुठे इजा आढळली होती. एवढ्या सगळ्या माणसांचे दुखणे त्या इजेमुळेच होते असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा एमआरआयमध्ये खड्डा दिसला म्हणजे दुखण्याचा धनी सापडला, असे लगेच धरून चालू नका. तुमच्या बाबतीत कळ नेमकी आतल्या बाजूला, जिना उतरताना आणि खेळल्यानंतर येते आणि खड्डाही आतल्याच बाजूला आहे, त्यामुळे दोहोंचा संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. पण ही जुळणी एखाद्या डॉक्टरांनी हाताने गुडघा तपासून केलेली असावी. केवळ पडद्यावरच्या चित्रावरून केलेली पुरेशी नाही.

आता ‘नवी कोरी’. प्रयोगशाळेत वाढवलेली कूर्चा म्हणजे एखादा तयार भाग खोक्यातून काढून बसवणे, असे चित्र तुमच्या मनात असावे. प्रत्यक्षात रूढ पद्धतीत जे घडते ते असे. आधी दुर्बिणीतून तुमच्याच गुडघ्यातल्या, भार न पडणाऱ्या कडेच्या जागेतून कूर्चेचे अगदी लहानसे तुकडे काढतात. ते प्रयोगशाळेत नेऊन त्यांतल्या पेशी सुट्या करतात आणि काही आठवडे वाढवतात. इथे एक गंमत आहे. सपाट भांड्यात पसरून वाढू लागल्या की या पेशी आपला मूळ स्वभाव हळूहळू विसरतात, चपट्या होतात आणि कूर्चेऐवजी जखमेच्या व्रणासारखे तंतू विणू लागतात. म्हणून त्यांना हव्या तितक्या वाढवून चालत नाही. संख्या आणि स्वभाव यांचा मेळ घालावा लागतो. मग त्या कोलॅजेनच्या पातळ पडद्यावर पेरतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत तो पडदा खड्ड्यात चिकटवतात. त्या दिवशी तुमच्या गुडघ्यात कूर्चा बसवलेली नसते, कूर्चेचे बी पेरलेले असते. ते रुजून घट्ट व्हायला एक ते दोन वर्षे लागतात आणि शेवटी जे तयार होते ते चांगल्या परिस्थितीत मूळ कूर्चेच्या जवळ जाणारे असते. हुबेहूब मूळ कूर्चा मात्र नसते.

‘ऊती-अभियांत्रिकी’, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून शरीराचा भाग घडवणे, या भारदस्त शब्दाखाली याहून वेगळ्या गोष्टीही येतात, म्हणून तुम्हाला नेमके काय सुचवले आहे ते विचारून घ्या. बासेल विद्यापीठातल्या संशोधकांनी नाकाच्या पडद्यातल्या पेशी घेऊन त्यांपासून प्रयोगशाळेतच कूर्चेचा तुकडा तयार केला आणि तो गुडघ्यात बसवला. पहिल्या दहा रुग्णांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. वाट आशादायक आहे, पण ती अजून अभ्यासाच्या चौकटीतली आहे. थेट गुडघ्यात कूर्चा छापणारी त्रिमितीय यंत्रे तर अजून प्रयोगांच्याच पायरीवर आहेत. आणि ‘एका इंजेक्शनने गादी पुन्हा तयार होते’ असे सांगून स्टेम सेलच्या नावाने जे विकले जाते, त्याने माणसाच्या गुडघ्यात खरोखरची कूर्चा उगवते असा भक्कम पुरावा नाही. तुमच्या सल्ल्यात असे काही गुंफलेले असेल तर ते वेगळे काढा.

पेशी वाढवून बसवण्याच्या पद्धतीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातच तुमच्या बाकाची गोष्ट दडली आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे १९८७ साली पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला. पहिल्या २३ रुग्णांचा अहवाल १९९४ साली आला. मांडीच्या हाडाच्या टोकावर उपचार झालेल्या १६ जणांपैकी १४ जणांचे परिणाम दोन वर्षांनी चांगले किंवा उत्तम होते. वाटीच्या मागच्या बाजूला उपचार झालेल्या ७ जणांपैकी मात्र केवळ २ जणांचे. पेशी त्याच, हात तेच, प्रयोगशाळा तीच. मग फरक कशाचा? पुढच्या वर्षांत लक्षात आले की वाटी आपल्या खोबणीतून सरळ सरकत नसेल, तर खाली कितीही चांगली कूर्चा पेरा, ती घासली जातेच, आणि वाटीचा मार्ग सुधारून घेतल्यावर तिथलेही परिणाम सुधारले. ठिगळ बिघडले नव्हते, ते ज्या कापडावर लावले ते ताणलेले होते.

तुमच्या पायाचा बाक हा असाच ताण आहे. सरळ पायातसुद्धा चालताना गुडघ्याच्या आतल्या कप्प्यावर बाहेरच्यापेक्षा जास्त भार पडतो. गुडघे बाहेर वाकलेले असतील तर तो आणखी आत सरकतो, आणि तुमचा खड्डा नेमका आतच आहे. ‘किंचित’ म्हणजे किती अंश, हे डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी दोन्ही पायांवर उभे राहून खुब्यापासून घोट्यापर्यंत एकाच पट्टीत काढलेला लांब एक्स-रे लागतो. तो काढला आहे असे तुमच्या पत्रात कुठेही नाही. झोपून काढलेला एमआरआय हे काम करू शकत नाही. तो एक्स-रे पाहिल्याशिवाय कूर्चेवर कोणतीही शस्त्रक्रिया ठरवू नका. या पत्रातली एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळा. बाक लक्षणीय निघाला, तर नडगीच्या हाडाला वरच्या बाजूस काप देऊन, पाचर उघडून, पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया आधी किंवा कूर्चेसोबतच करावी लागेल. काही रुग्णांना तेवढ्यानेच इतके बरे वाटते, की कूर्चेचा प्रश्न मागे पडतो.

आणि इथे कंप्युटरचा विषय येतो. तो शस्त्रक्रियेच्या खोलीत नेमके काय करतो हे पाहिले तर बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना रोवून त्यांवर परावर्तक गोळ्यांच्या छोट्या चौकटी बसवतात. खोलीतला अवरक्त कॅमेरा त्या गोळ्यांवर नजर ठेवतो. मग शल्यचिकित्सक पाय धरून खुब्यातून गोल गोल फिरवतात आणि त्या गोलाईवरून कंप्युटर खुब्याचा केंद्रबिंदू काढतो. घोट्याची दोन्ही उंचवट्याची हाडे आणि गुडघ्यातले ठरावीक बिंदू टोकदार सळईने एकेक करून स्पर्शून दाखवतात. एवढे झाले की पडद्यावर पायाचा अक्ष अंशांत दिसू लागतो आणि हाडातली पाचर जसजशी उघडत जाते तसतसा तो आकडा बदलताना दिसतो. बाक सुधारण्याच्या कामात याचा खरा उपयोग आहे. हाडासह कूर्चेची नळकांडी एका जागेहून काढून दुसरीकडे बसवायची असतील, तर ती पृष्ठभागाला काटकोनात बसावीत यासाठीही होतो.

पण पेशी पेरलेला पडदा बसवताना कंप्युटरला तितके काम नसते. खड्ड्याच्या कडा धारदार चमच्याने खरवडून, उभ्या आणि निरोगी कूर्चेच्या भिंती राहतील अशा कराव्या लागतात, आणि तळाच्या हाडातून रक्त येणार नाही इतक्या हलक्या हाताने. कुठवरची कूर्चा निरोगी आणि कुठून पुढची मऊ पडलेली, हे सळईच्या टोकाने दाबल्यावर हाताला कळते. चांगली कूर्चा टोकाला परत ढकलते, बिघडलेलीत टोक रुतते. मग खड्ड्याच्या आकाराचा साचा काढायचा, तर त्यासाठी अनेक शल्यचिकित्सक टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटातला चंदेरी कागदच वापरतात: तो खड्ड्यावर दाबायचा, कडा उमटल्या की कात्रीने कापायचा आणि त्याबरहुकूम पडदा बेतायचा. पडदा चिकटवल्यावर गुडघा पुन्हा पुन्हा वाकवून आणि सरळ करून तो जागचा हलत नाही ना हे पाहायचे. इतक्या आधुनिक उपचाराच्या मध्यभागी शिंप्याचे काम बसले आहे, आणि मला ते नेहमीच फार आवडत आले आहे.

चुकीला जागा नाही, हे तर मुळीच खरे नाही. कंप्युटरला तेवढेच ठाऊक असते जेवढे त्याला सळईच्या टोकाने दाखवले जाते. बिंदू चुकीचा दाखवला किंवा मध्येच पीन ढिली झाली, तर तो चुकीचे उत्तर दशांशापर्यंत अचूक देतो. शिवाय वेळ थोडा वाढतो, आणि पिनांच्या जागी जंतुसंसर्ग किंवा हाड मोडणे, क्वचित का होईना, घडू शकते. संपूर्ण सांधेरोपणात कंप्युटरचा वापर १९९० च्या दशकापासून होत आहे. त्यामुळे सांधा अक्षाबाहेर बसण्याचे प्रमाण कमी झाले हे खरे, पण रुग्णांच्या दुखण्यात आणि हालचालीत त्या मानाने फारसा फरक दिसलेला नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांना विचारा, ‘माझ्या गुडघ्यात कंप्युटर नेमक्या कोणत्या पायरीला वापरणार आहात?’ उत्तर ‘पायाचा अक्ष सुधारताना’ असे आले तर ते समजण्यासारखे आहे. उत्तर नुसतेच ‘अचूकतेसाठी’ असे आले, तर पुढचा प्रश्न विचारा: कशाच्या अचूकतेसाठी?

आता दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला. मायक्रोफ्रॅक्चरमध्ये खड्ड्याच्या तळाच्या हाडाला बारीक भोके पाडतात. त्यातून अस्थिमज्जेचे रक्त वर येते, त्याची गुठळी बसते आणि काही महिन्यांत तिथे तंतुमय कूर्चा तयार होते. शस्त्रक्रिया एकच, लहान आणि प्रयोगशाळेवाचून होणारी. लहान खड्ड्यांसाठी, ढोबळ मानाने दोन चौरस सेंटिमीटरच्या आतल्यांसाठी, तो आजही विचारात घेण्याजोगा मार्ग आहे. पण तयार होणारी ऊती मूळ कूर्चेइतकी लवचीक नसते आणि काही वर्षांनी तिचा परिणाम ओसरतो, असा अनुभव आहे. तीन चौरस सेंटिमीटर किंवा अधिक मोठ्या खड्ड्यांवर केलेल्या, १४४ रुग्णांच्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत दोन वर्षांनंतर पेशी पेरलेल्या पडद्याचे परिणाम वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत मायक्रोफ्रॅक्चरपेक्षा सरस ठरले.

इथे थांबलो असतो तर मी तुमच्या पहिल्या डॉक्टरांचा वकील ठरलो असतो. दुसरी बाजूही ऐका. नॉर्वेमध्ये ८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली होती: चाळीस जणांना पेशी, चाळीस जणांना मायक्रोफ्रॅक्चर. जवळजवळ पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटात १७ आणि दुसऱ्या गटात १३ जणांचा उपचार अयशस्वी ठरला होता आणि दोन गटांतला फरक सांख्यिकीच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. ती पेशींची जुनी पद्धत होती, पडदा हाडावरच्या आवरणाचा असे आणि तो टाक्यांनी शिवत. आजची पद्धत तिच्यापेक्षा सुधारलेली आहे, हे मान्य. तरीही या आकड्यांवरून एवढे निश्चित कळते, की कोणत्याही मार्गाने गेलात तरी पंधरा वर्षांची हमी कोणी देऊ शकत नाही.

मात्र ‘आधी मायक्रोफ्रॅक्चर करू, नाही जमले तर दुसरी वाट मोकळीच आहे’ या वाक्यातला शेवटचा भाग मला खटकतो. ती वाट पूर्वीइतकी मोकळी राहत नाही. भोके पाडल्यावर तळाचे हाड घट्ट आणि ठिकठिकाणी उंच होते, आणि त्यावर नंतर पेशी पेरल्या तर त्या कमी रुजतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आधी असा उपचार झालेल्यांमध्ये पेशी-रोपण अयशस्वी ठरण्याचे प्रमाण २६ टक्के होते, न झालेल्यांमध्ये ८ टक्के. तुमच्या खड्ड्याचा आकार सीमेच्या पलीकडचा आहे. त्यात एमआरआय आकार बहुधा कमीच दाखवतो, कडा खरवडल्यावर तो मोठा निघतो. म्हणून ‘स्वस्तातले आधी’ हा एरवी शहाणपणाचा असलेला नियम इथे डोळे मिटून लावू नका.

आणि काहीच न करणे? या पर्यायाचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. तीन वर्षांत तुम्ही मांडीच्या स्नायूंसाठी पद्धतशीर, एखाद्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सलग तीन महिने व्यायाम केला आहे का? औषधे आणि पट्ट्यांची यादी तुम्ही दिली आहे, व्यायामाचे एक वाक्यही नाही. स्नायू मजबूत झाले की काहींचे दुखणे इतके कमी होते की ते खेळाचा प्रकार थोडा बदलून वर्षानुवर्षे काढतात. शस्त्रक्रिया करावीच लागली, तरी आधी कमावलेले स्नायू नंतर उपयोगी पडतात, त्यामुळे हे तीन महिने वाया जात नाहीत. अपवाद एकच. गुडघा खरोखर अडकत असेल, म्हणजे सरळ करायला गेलात की मध्येच कुलूप लागल्यासारखा होत असेल, तर आत कूर्चेचा सुटा तुकडा असू शकतो आणि त्यासाठी लवकर दाखवायला हवे. तंबाखू किंवा धूम्रपान असेल तर तेही आत्ताच सोडा. रोपण न टिकण्यामागच्या कारणांत त्याचा नंबर वरचा आहे.

चार महिन्यांच्या हिशेबाबद्दल मला थोडे कठोर बोलावे लागेल. पेशींच्या रोपणानंतर पहिले सहा ते आठ आठवडे कुबड्या असतात आणि पायावर भार हळूहळू, ठरवून दिला तेवढाच द्यायचा असतो. त्याच काळात गुडघा न हलवताही चालत नाही, कारण कूर्चेला अन्न मिळते ते सांध्यातल्या द्रवातून, हालचालीच्या दाबाने. सायकल, पोहणे, मग भरभर चालणे, असे करत धावायला बहुधा वर्षाच्या आसपासचा काळ लागतो. उडी, अचानक थांबणे आणि वळणे असलेला बॅडमिंटनसारखा खेळ वर्षानंतरच, आणि तोही शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्ट या दोघांनी होकार दिल्यावर. सगळ्यात धोक्याचा काळ चौथा-पाचवा महिना. तेव्हा दुखणे गेलेले असते, पाय हलका वाटतो आणि आतला पडदा मात्र अजून कच्चा असतो. तुमचा हिशेब नेमका त्याच महिन्यात कोर्टवर उतरण्याचा आहे. कामावर उभे राहावे लागते का, घरी लहान मूल आहे का, कुबड्यांच्या काळात गाडी कोण चालवणार, या प्रश्नांची उत्तरे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी घरात बसून ठरवा. वर्षभराची ही शिस्त पाळण्याची तयारी नसेल, तर ही शस्त्रक्रिया न केलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तयारी असेल, तर पहिल्या दुर्बिणीला तुम्ही एक टप्पा समजा. त्या वेळी खड्डा प्रत्यक्ष पाहता येतो, मोजता येतो, समोरच्या नडगीच्या कूर्चेची स्थिती कळते आणि मेनिस्कस व लिगामेंट तपासता येतात. समोरासमोरच्या दोन्ही पृष्ठभागांवर खड्डे निघाले तर रोपणाचा विचार तिथेच सोडावा लागू शकतो. पेशींसाठी तुकडे घेतले म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया केलीच पाहिजे असे नाही. काही ठिकाणी पेशी गोठवून ठेवण्याची सोय असते, तीविषयी विचारा. पहिल्या दुर्बिणीची चित्रफीत मागून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना तीच दाखवा. दोन डॉक्टरांची मते एमआरआयवर जितकी वेगळी पडतात तितकी ती चित्रफितीवर पडत नाहीत, असा माझा अनुभव आहे. त्या डॉक्टरांनी अशी रोपणे किती केली आहेत, आणि त्यांतल्या किती रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली, हे विचारायला संकोचू नका. चांगले शल्यचिकित्सक या प्रश्नाने दुखावत नाहीत.

आता आईंविषयी. तुमच्या गुडघ्यात चांगल्या कापडाला एक भोक पडले आहे. त्यांच्या गुडघ्यांत, तुम्ही वर्णन केले आहे त्यावरून, कापडच विरले आहे. अशा ठिकाणी आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार, अशी अवस्था असते. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सांध्याच्या अशा झिजेत, कूर्चेबरोबर खालचे हाड, सांध्याचे अस्तर, मेनिस्कस, स्नायू असा सगळा सांधाच बदललेला असतो आणि पेरलेल्या पेशी त्या दाहात तग धरत नाहीत. या उपचाराच्या मोठ्या चाचण्यांतून असे रुग्ण मुळातच वगळलेले होते आणि वयाची मर्यादाही बहुधा पन्नास-पंचावन्नपर्यंतच होती. म्हणून, कोणी आईंना हा उपचार देऊ करत असेल तर त्यांच्याकडे कृपया पाठ फिरवा.

याचा अर्थ आईंसाठी काही नाही असा अजिबात नाही. त्यांचे वजन जास्त असेल, तर कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे मोजून दाखवलेले आहे. मांडीचे व्यायाम, हातात काठी, ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, आणि गरजेपुरती वेदनाशामके यांवर अनेकांची बरीच वर्षे निघतात. आणि ज्या सांधेरोपणाला तुम्ही टाळायची आपत्ती समजता, ते या क्षेत्रातले सर्वांत भरवशाचे शस्त्रकर्म आहे. वेगवेगळ्या देशांच्या नोंदवह्यांतली माहिती एकत्र करून २०१९ साली काढलेल्या अंदाजानुसार संपूर्ण गुडघेरोपणांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षांनंतरही टिकून असतात. तुमच्या रोपणाला असा आकडा मला देता आला नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल.

‘आधी कोणाचे’ या प्रश्नात मला अपराधीपणाची छटा दिसली. आई लंगडत असताना आपण खेळासाठी स्वतःच्या गुडघ्यावर एवढे करावे का, असे काहीसे. त्याचे वैद्यकीय उत्तर असे, की तुमच्या निर्णयाला तीन महिन्यांच्या व्यायामाची आणि एका एक्स-रेची वाट पाहता येते, आणि पाहायलाच हवी. आईंना रात्री दुखण्याने झोप लागत नसेल किंवा घरातल्या घरात चालणे अवघड झाले असेल, तर त्यांचा क्रम आपोआप आधी लागतो. दोघांच्या शस्त्रक्रिया एकाच हंगामात मात्र ठेवू नका, कारण कुबड्या घेतलेल्या माणसाला दुसऱ्याची शुश्रूषा करता येत नाही. आईंसाठी डॉक्टरांची वेगळी वेळ घ्या, आणि त्या वेळी खोलीत प्रश्न त्यांना विचारू द्या. सांधेरोपण टाळण्याची इच्छा त्यांची आहे की तुमची, हे पत्रावरून मला कळले नाही.